अनवाणी धावणारा अबेबे

मित्रांनो, पळायची शर्यत असली की आपण सगळे काय करतो? चपला काढतो आणि कुंपणाच्या कडेला ओळीने ठेवतो. कारण चपला घालून पळता येत नाही. चप्पल सटकते, नाहीतर तिचा अंगठा तुटतो. मग घरी बोलणी बसतात. म्हणून आपण अनवाणीच पळतो.

दिवाळीच्या सुट्टीत माझे मामा आले होते. ते शहरात राहतात. मी त्यांना मोठ्या आनंदाने सांगितले की मी तालुक्याच्या स्पर्धेत २०० मीटर धावणार आहे. मामांनी माझ्या पायांकडे पाहिले. ते म्हणाले की आजकाल अनवाणी कोणी पळत नाही. त्याने गुडघे दुखतात, पायाला लागतं आणि लोक हसतात. मामा माझ्या चांगल्यासाठीच बोलले. पण ते ऐकून आई एकदम गप्प झाली. रात्री ती डब्यातले अंड्यांचे पैसे मोजत बसली. मला कळलं की ती माझ्या बुटांसाठी मोजते आहे. पण ते पैसे तर आजीच्या चष्म्यासाठी साठवलेले आहेत. आजीला सुईत दोरा ओवता येत नाही. तो मीच ओवून देतो.

मला रात्रभर वाईट वाटलं. शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना विचारले की अनवाणी पळणे खरोखर वाईट असते का. गुरुजींनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्यांनी मला अबेबे बिकिला या धावपटूची माहिती सांगितली आणि ती भित्तिपत्रकात लिहायला सांगितली. तीच माहिती मी आज लिहीत आहे. सर्वांनी शेवटपर्यंत वाचावी.

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात इथिओपिया नावाचा देश आहे. वर्गातल्या नकाशावर तो तुम्हाला सापडेल. तो डोंगराळ देश आहे. त्याची राजधानी अदिस अबाबा हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच जागी तिथले लोक घरे बांधून राहतात. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. तिथे पळायची सवय झाली की छाती दमदार होते.

या देशातल्या जातो नावाच्या लहान खेड्यात ७ ऑगस्ट १९३२ रोजी अबेबेचा जन्म झाला. गंमत अशी की त्याच दिवशी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत झाली होती. इकडे शर्यत आणि तिकडे जन्म! त्याच्या आईवडिलांना हे कुठून माहीत असणार?

त्यांच्याकडे आपल्यासारखे आडनाव नसते. पहिले नाव मुलाचे आणि दुसरे वडिलांचे. म्हणजे अबेबे हे त्याचे नाव आणि बिकिला हे त्याच्या वडिलांचे. ते मेंढपाळ होते. अबेबेही लहानपणी गुरे-मेंढरे राखायला जाई. आपल्या गावातली मुलं जशी शेळ्यांमागे रानात जातात तसाच. तो काठीने चेंडू मारायचा गेना नावाचा खेळही खेळायचा. तो थोडाफार हॉकीसारखा असतो.

अबेबे तीन वर्षांचा असताना त्याच्या देशावर मोठे संकट आले. १९३५ साली इटलीच्या सैन्याने इथिओपियावर स्वारी केली. विमानातून बॉम्ब टाकले. विषारी वायूसुद्धा सोडला. अबेबेच्या घरच्यांना आपले गाव सोडून दूर जावे लागले. इटलीच्या लोकांनी तिथला एक फार जुना, उंच दगडी स्तंभ काढला आणि १९३७ साली आपल्या रोम शहरात नेऊन उभा केला. तो अक्सुम नावाच्या प्राचीन नगरातला होता. या स्तंभाची गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे. १९४१ साली इटलीचे सैन्य हरले आणि इथिओपिया मोकळा झाला.

मोठा झाल्यावर अबेबे अदिस अबाबाला गेला आणि बादशहाच्या रक्षक दलात शिपाई झाला. तेव्हा हैले सेलासी हे तिथले बादशहा होते. सैन्यात खेळ शिकवायला स्वीडन देशातून ओन्नी निस्कानेन नावाचे शिक्षक आले होते. त्यांनी अबेबेचे पळणे पाहिले. हा शिपाई दमत नाही, डोके हलवत नाही, हात फेकत नाही, नुसता वाऱ्यासारखा जातो हे त्यांना दिसले. त्यांनी त्याला शिकवायला सुरुवात केली. अबेबे डोंगरातल्या वाटांवर रोज धावू लागला. कधी बूट घालून, तर कधी अनवाणी.

१९६० साली इटलीच्या रोम शहरात ऑलिंपिक सामने भरले. अबेबे मॅरेथॉन शर्यतीसाठी गेला. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. आपल्या गावापासून तालुका १४ किलोमीटर आहे. म्हणजे तालुक्याला पळत जायचं, पळत परत यायचं आणि पुन्हा पळत तालुक्याला जायचं. मध्ये कुठे बसायचं नाही!

अबेबेचे जुने बूट झिजून गेले होते. रोममध्ये त्याने नवे बूट घेतले. पण ते पायाला नीट बसेनात. पायाला फोड आले. शर्यत तर तोंडावर आली. आता काय करायचे? तेव्हा अबेबेने ठरवले की आपण अनवाणीच धावायचे.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. पुष्कळ लोकांना वाटते की बूट घ्यायला पैसे नव्हते म्हणून तो बिचारा अनवाणी धावला. ते तसे नाही. बूट होते, पण ते पायाला चावत होते. चावणारे बूट घालून धावण्यापेक्षा आपल्या सवयीचे पाय बरे असे त्याने ठरवले. तो बिचारा नव्हता, विचारी होता. हे मला चांगलंच कळतं. कारण गेल्या वर्षी मी शेजारच्या दादाचे मोठे बूट घालून पळालो होतो. पुढे कापसाचे बोळे कोंबले होते. तरी अर्ध्यात बूट निघाला आणि टाच सोलली. माझा नंबर शेवटून दुसरा आला.

१० सप्टेंबर १९६० रोजी संध्याकाळी शर्यत सुरू झाली. साठाहून जास्त धावपटू होते. निरनिराळ्या देशांतले नामांकित पळणारे त्यांत होते. त्यांच्या पायात बूट होते. अबेबेच्या छातीवर ११ नंबर होता आणि पाय उघडे होते. त्याला फार कोणी ओळखत नव्हते. अनवाणी माणूस एवढी लांब शर्यत कशी पुरी करणार असे पाहणाऱ्यांना वाटले असेल. आपण पळतो ती मऊ माती असते. रोमचे रस्ते तर डांबराचे, आणि काही ठिकाणी जुन्या दगडी फरशांचे आहेत.

अबेबेला निस्कानेन सरांनी सांगून ठेवले होते की मोरोक्को देशाचा राधी नावाचा धावपटू फार जोरदार आहे, त्याच्यावर लक्ष ठेव. त्याचा नंबर २६ असेल असे अबेबेला वाटत होते. पण राधीने १८५ नंबर लावला होता. अबेबे वाटभर २६ नंबर शोधत राहिला. तो दिसेना म्हणून त्याला वाटले की राधी आणखी पुढे गेला आहे. म्हणून तो आणखी जोरात पळाला. खरं तर राधी त्याच्या अगदी बाजूलाच पळत होता! हे ऐकून आमचा सगळा वर्ग हसला.

हळूहळू बाकीचे सगळे मागे पडले. अबेबे आणि १८५ नंबरवाला असे दोघेच पुढे उरले. अंधार पडला. रस्त्याच्या कडेला इटलीचे शिपाई हातात पेटत्या मशाली घेऊन उभे होते. त्या उजेडात दोघे धावत होते. एकाच्या बुटांचा आवाज येत असेल आणि दुसऱ्याचा आवाजच नसेल.

शर्यत संपत आली तेव्हा वाटेत तो स्तंभ आला. कुठला? तोच, अक्सुमचा. ज्या सैन्यामुळे अबेबेच्या घरच्यांना गाव सोडावे लागले, त्या सैन्याच्या देशाने नेलेला. अबेबेने आधीच रस्ता पाहून ठेवला होता आणि इथूनच जोर लावायचा असे ठरले होते. तिथे पोहोचताच त्याने वेग वाढवला. राधी मागे पडला. अबेबेने कॉन्स्टंटाईनच्या कमानीखाली शर्यत पुरी केली. त्याला २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद लागले. तोपर्यंत जगात कोणीही मॅरेथॉन इतक्या कमी वेळात धावले नव्हते. राधी २५ सेकंदांनी मागून आला.

आम्ही पाटीवर हिशोब केला. अबेबेला एका किलोमीटरला सव्वातीन मिनिटांपेक्षा थोडे कमीच लागले. आणि तसे बेचाळीस किलोमीटर! तेही अनवाणी!

आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय माणसाला मिळालेले ऑलिंपिकमधले ते पहिले सुवर्णपदक होते. ज्या देशाने त्याच्या देशावर स्वारी केली, त्याच देशाच्या राजधानीत एक शिपाई गेला आणि कोणालाही न मारता जिंकून आला. गावाकडे त्याचे किती कौतुक झाले असेल याचा विचार करा. तो स्तंभही पुढे २००५ साली इथिओपियाला परत मिळाला. २००८ साली तो पुन्हा अक्सुमला उभा राहिला. पण ते पाहायला अबेबे नव्हता.

आता अनवाणी धावण्याला नावे ठेवणारे म्हणतील की अबेबे नेहमी अनवाणी धावला का? नाही. मी खोटे लिहिणार नाही. १९६१ साली तो जपानला धावायला गेला. तिथे बूट बनवणारे ओनित्सुका नावाचे गृहस्थ त्याला भेटले. त्यांनी त्याला बूट घालायचा आग्रह केला आणि त्याच्या पायाला बसणारे बूट दिले. अबेबे ते घालून धावला आणि तिथेही जिंकला.

मग १९६४ साली जपानच्या टोकियो शहरात ऑलिंपिक आले. त्याच्या पाच-सहा आठवडे आधी अबेबेच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी आंत्रपुच्छाचे ऑपरेशन केले. आपल्याकडे त्याला अपेंडिक्स म्हणतात. असे ऑपरेशन झाले तर आपल्याला आई अंथरुणातून उठूसुद्धा देणार नाही. पण अबेबे लवकरच हळूहळू चालू लागला, मग धावू लागला. २१ ऑक्टोबर १९६४ रोजी तो टोकियोत धावला. या वेळी त्याच्या पायात बूट आणि पांढरे मोजे होते. तो २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत आला. हा पुन्हा जगातला विक्रम झाला. दुसऱ्या नंबरचा धावपटू चार मिनिटांनी मागून आला. तोपर्यंत अबेबे मैदानातल्या गवतावर चक्क व्यायाम करत होता! ऑलिंपिकची मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो जगातला पहिला माणूस ठरला.

म्हणजे बूट घालून तो ३ मिनिटे ५ सेकंद लवकर आला. हे वाचल्यावर मी जरा खट्टू झालो. मला वाटले की मामाच बरोबर. पण गुरुजींनी मला विचार करायला लावला. चार वर्षांत त्याचा सरावही वाढला होता. आणि या वेळचे बूट त्याच्या पायाला बसणारे होते. आधी अनवाणी जिंकला, मग बूट घालून जिंकला. दोन्ही वेळा बदलले ते बूट. न बदललेला तोच अबेबे आणि तेच पाय.

गुरुजींनी आणखी एक माहिती सांगितली. २०१० साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल लीबरमन नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सोबती यांनी धावणाऱ्यांचे पाय तपासले. ज्यांना लहानपणापासून अनवाणी धावायची सवय असते ते बहुतेक करून चवड्यावर उतरतात. त्यामुळे पायाला धक्का कमी बसतो. जाड टाचेचे बूट घालणारे बहुतेक करून टाचेवर उतरतात. मग आम्ही पाचजण शाळेमागच्या फुफाट्यात पळून आमचे ठसे पाहिले. चालताना टाचेचा ठसा खोल उमटला आणि पळताना चवड्याचा. तुम्हीपण करून बघा. पण मधल्या सुट्टीत करा.

अनवाणी पळणारे गावंढळ असतात असे कोणी म्हणाले तर त्यांना पुण्याची गोष्ट सांगावी. शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावली होती. त्यांचा वेग सर दोराबजी टाटा यांनी पाहिला. तो परदेशातल्या धावपटूंच्या जवळपास होता. मग १९२० साली आपल्या देशाचे खेळाडू बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवले गेले. त्यात बेळगावचे चौगुले मॅरेथॉन धावले.

पण नावे ठेवणाऱ्यांचे सगळेच चुकीचे नसते. बाईंनी विज्ञानाच्या तासाला सांगितले आहे की घाणीच्या ओल्या मातीतून अंकुशकृमी तळपायातून शरीरात शिरतात. म्हणून शौचाला जाताना आणि उकिरड्याकडे चपला घालाव्यात. सराटे, बाभळीचे काटे आणि काचा यांना अबेबे कोण आणि आपण कोण हे कळत नाही. म्हणून पळण्याआधी मैदान झाडून घ्यावे. काही रुतले तर लपवू नये, दवाखान्यात जाऊन सुई घ्यावी. आणि ज्यांना बुटांची सवय आहे त्यांनी मामांसारखे एकदम अनवाणी पळू नये. त्यांच्या पोटऱ्या दुखतील. त्यांनी थोडे थोडे पळावे.

आता अबेबेच्या पुढच्या आयुष्याची गोष्ट ऐका. ही ऐकताना आमच्या वर्गात कोणी बोलत नव्हतं. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये अबेबेचा पाय दुखावलेला होता. त्याला सतरा किलोमीटरनंतर थांबावे लागले. ती शर्यत त्याच्याच देशाच्या मामो वोल्देने जिंकली. पुढच्या वर्षी, २२ मार्च १९६९ रोजी, अबेबे आपली मोटार चालवत असताना मोठा अपघात झाला. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचारासाठी त्याला इंग्लंडला नेले. तरी पाय पुन्हा चालले नाहीत. ज्या पायांचे सगळ्या जगाने कौतुक केले तेच पाय गेले.

दुसरा कोणी असता तर रडत बसला असता. अबेबे चाकाच्या खुर्चीवर बसून धनुष्यबाण चालवायला शिकला. टेबल टेनिस खेळायला शिकला. १९७० साली त्याने इंग्लंडमध्ये अपंगांच्या स्पर्धेत भाग घेतला. १९७१ साली नॉर्वे देशात बर्फावरून कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीची शर्यत होती. अबेबे तिथेही उतरला आणि जिंकला. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकला त्याला खास पाहुणा म्हणून बोलावले होते. तो चाकाच्या खुर्चीतून आला तेव्हा लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी अदिस अबाबाला त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो फक्त ४१ वर्षांचा होता. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले. स्वतः बादशहा आले. एका मेंढपाळाच्या मुलासाठी सगळा देश रडला.

अबेबे अनवाणी जिंकला. बूट घालून जिंकला. आणि पाय गेल्यावरही जिंकला. मग जिंकायला बूटच पाहिजेत हे म्हणणे उरले कुठे? आणि अनवाणीच पाहिजे हेही उरले नाही. सराव पाहिजे आणि मन घट्ट पाहिजे. बूट मिळाले तर पायाला बसणारे घालावेत. नसतील तर लाजू नये. आणि दुसऱ्याच्या उघड्या पायांना हसू तर मुळीच नये.

हे सगळे मी काल रात्री आईला वाचून दाखवले. आजीपण ऐकत होती. आईने डबा पुन्हा फळीवर ठेवून दिला. या बाजारच्या दिवशी ती आजीला घेऊन चष्म्याच्या दुकानात जाणार आहे. बूट पुढच्या वर्षी बघू असे मीच सांगितले. मामांनाही मी पत्र लिहिणार आहे. त्यात त्यांच्यावर रागावणार नाही. फक्त अबेबेची गोष्ट लिहीन आणि त्यांना स्पर्धा बघायला बोलावीन.

स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी आम्ही मैदानातले खडे आणि सराटे वेचतो. ज्यांना पळायचे आहे त्यांनी लवकर यावे. येताना खराटा आणावा.

इयत्ता चौथी